एकच ऑपरेटिंग सिस्टीम नको, सामायिक लायब्ररी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने सूचना केली आहे की, गोव्यातल्या सगळ्या सरकारी कचेऱ्या, पंचायती, शाळा आणि जमल्यास देवस्थानेसुद्धा एकाच ऑपरेटिंग सिस्टीमवर आणावीत, म्हणजे मराठी-कोकणीचे सॉफ्टवेअर एकदाच बनवून भागेल. त्यांनी केरळच्या शाळांचा दाखला दिला आहे. दाखला खरा आहे, तिथल्या सरकारी शाळांनी लिनक्स ही मोफत सिस्टीम आणली आणि टिकवलीही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटला नाही.

मी बांदोड्याला राहते. पूर्वी एका पतसंस्थेत कारकून होते, आता घरूनच हिशेबाचे आणि पावत्यांचे प्रोग्राम लिहिते. गिऱ्हाइके म्हणजे फोंडा, डिचोली भागातल्या लहान पतसंस्था, काही देवस्थाने, एखाददुसरे वाचनालय. इंजिनिअरिंगची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकले ते खातेवहीच्या मागून शिकले. तेव्हा हे पत्र तज्ज्ञाचे नाही, गिऱ्हाइकाच्या टेबलापाशी बसून काम करणाऱ्या बाईचे आहे.

एकच सिस्टीम आणू म्हणणे सोपे. प्रत्यक्षात काय दिसते? मामलेदार कचेरीत विंडोज. शाळेच्या संगणक खोलीत देणगीत आलेली जुनी यंत्रे आणि त्यांवर लिनक्स, कारण दुसरे काही त्यांवर धड चालतच नाही. देवस्थानच्या खजिनदाराचा मुलगा बंगळुरूला असतो, तो चतुर्थीला मॅक घेऊन येतो आणि बाबांचा जमाखर्च त्यावर बघायला मागतो. आणि या सगळ्यांच्या खिशात अँड्रॉइड. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा मोफत आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा मिळणे, संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते, ती बऱ्याच जुन्या यंत्रांत नाही. मोठ्या कचेऱ्या नवी यंत्रे घेतील. पण ज्या पतसंस्थेला सभासदांना लाभांश देतानाच घाम फुटतो, तिने काय करायचे? काहींनी लिनक्स टाकून घेतले, काही जुन्यावरच दिवस ढकलत आहेत. ही पांगापांग परिपत्रक काढून थांबणारी नाही.

म्हणजे सिस्टीम अनेक राहणार हे धरूनच चालायला हवे. सामायिक काय ठेवता येईल ते दुसरीकडे शोधायचे, आणि त्यासाठी आमच्या धंद्यात फार जुनी सोय आहे. तिला शेअर्ड लायब्ररी म्हणतात. अनेक प्रोग्रामांना लागणारे एखादे काम एकदाच लिहून वेगळ्या फाईलमध्ये ठेवायचे, आणि प्रत्येक प्रोग्रामने चालता चालता तिच्याकडून ते काम करून घ्यायचे. विंडोजवर त्या फाईलच्या नावाअखेर डीएलएल असते, लिनक्सवर एसओ, मॅकवर डायलिब. तुमच्या फोनवर ही मराठी अक्षरे जोडाक्षरांसकट नीट दिसतात, त्यामागे बहुधा हार्फबझ नावाची अशीच एक लायब्ररी असते. क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड, सगळे तीच वापरतात, विंडोजवरही आणि लिनक्सवरही. ‘क्ष्म्य’सारखे अक्षर कसे जुळवायचे हे प्रत्येकाने आपापले लिहिले नाही, म्हणून तर आज मराठी वाचता येते.

आमच्याकडे मात्र साध्या पावतीचे बघा. देवस्थानच्या पावतीवर रक्कम आकड्यात असते आणि खाली ‘अक्षरी रुपये’ अशी ओळ असते. इंग्रजीत ही ओळ काढणे सोपे. वीसपर्यंतचे शब्द आणि दहांचे शब्द ठाऊक असले की बाकीचे जोडून तयार होतात. मराठीत तसे नाही. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, पण नव्व्याण्णव. पंचावन्न, पासष्ट, पंचाहत्तर. नव्व्याण्णवपर्यंतचा प्रत्येक शब्द तक्त्यात वेगळा लिहावा लागतो. वर शंभरची गंमत: नुसते असले की ‘शंभर’, पुढे काही आले की ‘एकशे एक’. अभिषेकाच्या, लघुरुद्राच्या, सत्यनारायणाच्या निम्म्या पावत्या एकशे एक, पाचशे एक, एक हजार एक अशाच असतात, तेव्हा चूक झाली की पहिल्याच दिवशी दिसते.

माझ्या पाहण्यात तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या लोकांनी हे काम केले आहे. एक प्रोग्राम १,१०० रुपयांना ‘अकराशे’ लिहितो, दुसरा ‘एक हजार एकशे’, आणि तिसरा ‘एक हजार शंभर’. लाखाला एकीकडे ‘लाख’, दुसरीकडे ‘लक्ष’. जत्रेच्या पावणीत, म्हणजे लिलावात, बोली लाखावर गेली की एकाच देवस्थानच्या दोन टेबलांवरून दोन तऱ्हेच्या पावत्या निघतात. लेखापरीक्षक लाल शाईने विचारतो, आणि कारकुनाला उत्तर देता येत नाही. यात कोणा एका पुरवठादाराचा दोष काढून उपयोग नाही. तिघांनीही तोच तक्ता स्वतंत्रपणे टाईप केला, तिघांनाही त्याचे पैसे मिळाले, आणि तो तक्ता तिघांच्याही प्रोग्रामात आत कुठे तरी पुरून टाकलेला आहे. उद्या पुरवठादाराने फोन उचलणे बंद केले की तक्ता गेला.

हे काम एका सामायिक लायब्ररीत असते तर? प्रोग्रामचा मूळ मजकूर (सोर्स कोड) एक, त्यातून विंडोजची, लिनक्सची आणि मॅकची अशा तीन फायली. कोणाचा प्रोग्राम सी-शार्पमध्ये असो, पायथनमध्ये असो की जावात, तिघांनाही त्या फाईलमधले काम बोलावता येते, अट एवढीच की बाहेरून दिसणारी बाजू साध्या सी भाषेची हवी. मी तशी केली आहे आणि माझ्या गिऱ्हाइकांकडे ती चालते. ती करताना जे दिसले ते लिहिते, कारण ‘एकदा लिहा, सगळीकडे चालवा’ असे सांगणारे विक्रेते यातले काही सांगत नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे प्रोसेसर एकच असला तरी फाईल एकीकडची उचलून दुसरीकडे चालत नाही. विंडोजचा साचा वेगळा, लिनक्सचा वेगळा, मॅकचा वेगळा. मजकूर एक असला तरी त्याची चालणारी फाईल करणारा कंपायलर तिन्हीकडे चालवावा लागतो. ते ठीक आहे, ते यंत्राचे काम आहे. माणसाने सांभाळायचे ते निराळेच.

दाराचा प्रकार घ्या. लायब्ररीतली कोणती कामे बाहेरच्यांना बोलावता यावीत हे ठरवायचे असते. लिनक्सवर काही न सांगता सगळीच कामे बाहेर उघडी राहतात. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर उलट वागतो, ज्या कामावर ‘हे बाहेर द्या’ अशी खूण केली तेवढेच बाहेर जाते. त्यामुळे लिनक्सवर बनवलेली लायब्ररी विंडोजवर नेली की फाईल तयार होते, पण रिकामीच भासते. प्रोग्राम सांगतो, असे काही कामच सापडत नाही. पुष्कळ जण इथेच कंटाळतात आणि लिनक्सचा नाद सोडून देतात. उपाय अवघड नाही. लिनक्सलाही कंपायलरच्या एका सूचनेने सगळी दारे आधी बंद करायला सांगायचे, आणि दोन्हीकडे हवी तेवढीच उघडायची. मला तर ही विंडोजची शिस्तच बरी वाटते. जे एकदा बाहेर दिसले ते कोणी तरी वापरतेच, आणि मग ते बदलण्याची सोय राहत नाही.

दुसरी भानगड आकड्यांची आणि ती जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. सी भाषेत ‘लाँग’ नावाचा पूर्णांक आहे. ६४ बिटांच्या लिनक्सवर आणि मॅकवर तो ८ बाइटांचा असतो, ६४ बिटांच्या विंडोजवर मात्र ४ बाइटांचाच. हिशेबाचे प्रोग्राम रक्कम पैशांत साठवतात, म्हणजे दशांशाचा गोंधळ होत नाही. आता ४ बाइटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. तेवढे पैसे म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये आणि ४७ पैसे. लहान पतसंस्थेच्या ठेवींची बेरीज या आसपास सहज येते. एका ठिकाणी लिनक्सवर लिहिलेला प्रोग्राम विंडोजवर उतरवून दिला होता. वर्षभर छान चालला. मार्चअखेर ठेवींच्या बेरजेपुढे वजाबाकीची खूण आली. खजिनदाराने मला बोलावून विचारले, “बाय, हें मायनस खंयच्यान आयलें?” प्रत्येक खाते बरोबर, प्रत्येक पावती बरोबर, आणि बेरीज उणे. सामायिक लायब्ररीत ‘लाँग’ला थाराच द्यायचा नाही, आकार नावातच सांगणारे, सगळीकडे ६४ बिटांचेच राहणारे पूर्णांक वापरायचे. हा नियम पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीचा आहे. पण तो का आहे हे उणे ठेवी बघितल्याशिवाय कोणाला पटत नाही.

तिसरे, अक्षरे. विंडोज आतून देवनागरीचे एक चिन्ह २ बाइटांत ठेवते. लिनक्सवर सगळा कारभार यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीचा, त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. आपल्या डोळ्यांना ‘नव्व्याण्णव’ हा शब्द चार अक्षरांचा. संगणकाला तो अकरा चिन्हांचा, कारण हलन्त आणि काना वेगळे मोजायचे; आणि यूटीएफ-८मध्ये ३३ बाइटांचा. ज्याने डोळ्यांनी मोजून जागा ठेवली त्याच्या पावतीत ओळीच्या शेवटी चौकोन उमटतो. भाविकाला वाटते प्रिंटर बिघडला. लायब्ररीच्या वेशीवर सगळीकडे यूटीएफ-८च असे ठरवून टाकले आणि विंडोजच्या प्रोग्रामांनी आपल्या घरी काय तो बदल करून घ्यावा असे सांगितले, की हा वाद संपतो.

आणि शब्द ठेवायला जागा कोणी द्यायची हाही प्रश्न असतो. लायब्ररीने आतून मेमरी घेतली आणि प्रोग्रामाने ती परत केली, तर लिनक्सवर बहुधा निभावून जाते, कारण तिथे दोघांचे भांडार सहसा एकच असते. विंडोजवर लायब्ररी आणि प्रोग्राम वेगवेगळ्या रनटाइमवर, म्हणजे चालताना लागणाऱ्या पायाभूत लायब्ररीवर, बांधलेले असले तर दोघांची भांडारे वेगळी. एकाचे घेतलेले दुसऱ्याच्या भांडारात परत केले की प्रोग्राम कोसळतो, आणि तोही लगेच नाही, तिसऱ्याच वेळी, भलत्याच ठिकाणी. म्हणून माझ्या लायब्ररीत बोलावणाऱ्यानेच जागा द्यायची आणि तिची लांबी सांगायची. जागा अपुरी असेल तर लायब्ररी ‘एवढी लागेल’ असे उत्तर देते. त्याच कारणाने सी-प्लस-प्लसच्या वस्तू वेशीबाहेर काढायच्या नाहीत. त्या भाषेत कंपायलर कामांची नावे आपापल्या पद्धतीने बदलून ठेवतात. मायक्रोसॉफ्टची पद्धत निराळी, लिनक्सवरच्या जीसीसी या कंपायलरची निराळी. आत काय हवे ते वापरा, बाहेर सी.

फाईल कुठे ठेवायची यावर तर वेगळे पत्र होईल. थोडक्यात सांगते. विंडोज साधारणपणे प्रोग्रामच्याच फोल्डरात आधी शोधते. लिनक्स तिथे शोधतच नाही. ठरलेल्या जागा बघते, किंवा प्रोग्राम बांधताना आत लिहून ठेवलेली वाट. मॅकवर लायब्ररी स्वतःचा पत्ता स्वतःच्या आत बाळगते आणि तो प्रोग्रामात उतरतो. नवीन मॅकवर फाईलवर सही लागते, आणि पत्ता बदलला की सही मोडते. लिनक्समध्येही नव्या यंत्रावर बांधलेली लायब्ररी जुन्या यंत्रावर ‘जीएलआयबीसी २.३४ सापडली नाही’ अशी तक्रार करते (जीएलआयबीसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी). उलट मात्र चालते, म्हणून आपल्या गिऱ्हाइकांकडे असेल त्यातल्या सर्वांत जुन्या लिनक्सवर बांधावी. शाळांतली यंत्रे डोळ्यांपुढे ठेवली की हे आपोआप लक्षात राहते. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच, पण त्याची सी लायब्ररी वेगळी, त्यामुळे त्याची फाईल पुन्हा निराळी.

वाचणाऱ्याला वाटेल की एवढे कटकटीचे आहे तर ते पत्रलेखक म्हणतात तेच बरे, एकच सिस्टीम. मला उलटे वाटते. ही कटकट एकदाच, एका जागी होते. नाही तर तीच प्रत्येक पुरवठादाराकडे, प्रत्येक प्रोग्रामात, न कळत होते आणि तिचे बिल आपल्या संस्थांना येते. शिवाय यातली बरीचशी ओझी वाहणारी साधने तयार आहेत. सीमेक नावाचे एक आहे. तीन सिस्टीमांवर तोच मजकूर कसा बांधायचा हे त्याला एका फाईलमध्ये सांगितले की विंडोजवर ते तिथल्या पद्धतीने बांधते, लिनक्सवर तिथल्या. ते जन्मले कशासाठी? अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने शरीराच्या स्कॅनवर काम करणारी सामायिक लायब्ररी करायला पैसे दिले होते, ती सगळ्या सिस्टीमांवर बांधता यायला हवी होती, म्हणून किटवेअर या कंपनीने २००० साली ते लिहायला घेतले. सार्वजनिक पैसा, सार्वजनिक लायब्ररी, आणि तिच्या पोटी सगळ्या जगाला फुकट मिळालेले अवजार. आमच्याकडे सार्वजनिक पैसा जातो, पण मागे राहते ती फक्त चालणारी फाईल. कधी कधी तीही राहत नाही.

माझी खरी मागणी इथे आहे. सरकारी खाते, पालिका, पंचायत किंवा सरकारी अनुदान घेणारी संस्था मराठी-कोकणीचे सॉफ्टवेअर विकत घेते, तेव्हा निविदेत पडद्यांचा रंगसुद्धा लिहिलेला असतो. त्यात आणखी एक अट घालावी: अक्षरी रक्कम, देवनागरी अकारविल्हे, तिथी-वार, जुन्या फाँटांतल्या नोंदींचे युनिकोडमध्ये रूपांतर, अशी जी कामे कोणत्याही संस्थेला लागतील ती वेगळ्या लायब्ररीत द्यावीत, सी भाषेच्या वेशीसह, किमान विंडोज आणि लिनक्सवर बांधून, मूळ मजकुरासह, आणि कोणालाही वापरता येईल अशा परवान्यासह. प्रोग्राम तुमचा, धंदा तुमचा, पडदे तुमचे. शंभर शब्दांचा तक्ता मात्र लोकांचा.

काही धंदेवाले यावर रागावतील. मीही धंदेवालीच आहे. मला गिऱ्हाइके तक्त्यासाठी ठेवत नाहीत, मार्चअखेरीला मी येऊन बसते म्हणून ठेवतात.

दुसरी विनंती इंजिनिअरिंग कॉलेजांना. फर्मागुढीपासून वेर्णा आणि कुंकळ्ळीपर्यंत गोव्यात संगणक शिकवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत आणि मुले हुशार आहेत, त्यात वाद नाही. पण शेवटच्या वर्षाचे प्रकल्प बघते तेव्हा दर वर्षी नवे हजेरीचे अ‍ॅप, नवे वाचनालयाचे अ‍ॅप, नवे पंचायतीचे अ‍ॅप. जुलैत सुरू, मेमध्ये गुण, जूनमध्ये विसर. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना प्रोग्राम लिहिता येतो, पण तो दुसऱ्याच्या यंत्रावर का चालत नाही हे शोधता येत नाही. एखादी लायब्ररी कोणावर अवलंबून आहे हे लिनक्सवर एलडीडी या आज्ञेने आणि मॅकवर ओटूलने क्षणात दिसते, हे त्यांनी ऐकलेलेही नसते. प्रोग्राम आणि लायब्ररी जोडून देणारे लिंकर आणि लोडर हे अभ्यासक्रमात एका धड्यापुरते येतात आणि परीक्षेत आकृतीपुरते. प्रत्येक मुलाने नवे अ‍ॅप कशाला करायचे? एका गटाने गेल्या वर्षीच्या लायब्ररीत एक काम घालावे आणि ते तिन्ही सिस्टीमांवर तपासून दाखवावे, याला तेवढेच गुण का असू नयेत? मॅक परवडत नाही ही सबब चालणार नाही. गिटहब या संकेतस्थळावर मजकूर सार्वजनिक ठेवला तर लिनक्स, विंडोज आणि मॅक अशी तिन्ही यंत्रे तपासणीसाठी मोफत मिळतात. मी स्वतः मॅक विकत घेतलेला नाही.

तपासणीचा अर्थही मुलांना यातून कळेल. माझ्या लायब्ररीची तपासणी म्हणजे एक कंटाळवाणी यादी आहे: शून्य, एक, नव्व्याण्णव, शंभर, एकशे एक, एक हजार शंभर, नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव, लाख, आणि अर्थातच २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४८ पैसे. तिन्हीकडे अक्षरन् अक्षर तेच उत्तर यायला हवे. आले नाही तर त्या दिवशी फाईल बाहेर जात नाही.

आता जो आक्षेप मला स्वतःलाच सतावतो, तो. सामायिक वस्तू कोणी सांभाळायची? आमच्याकडे खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतीचा, बांध सगळ्यांचा असतो, आणि तो एका जागी फुटला की खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते. मार्च २०२४मध्ये सॉफ्टवेअरच्या जगात तेच व्हायचे थोडक्यात टळले. एक्सझेड नावाची, फायली दाबून लहान करणारी लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. ती सांभाळत होता मुख्यतः एक माणूस, फावल्या वेळात, बिनपगारी. कोणी तरी दोनेक वर्षे मदतनीस म्हणून वावरून त्याचा विश्वास मिळवला आणि लायब्ररीत चोरदार बसवले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले, त्याने पिच्छा पुरवला, म्हणून ते सर्वदूर पसरण्याआधी सापडले. तेव्हा ‘लोकांची लायब्ररी’ म्हणून एखादी वस्तू टाकून देऊन चालणार नाही. तिच्यासाठी माणूस नेमलेला हवा, एक नव्हे दोन, आणि त्यांना पगार हवा.

पगार कशाचा असे विचाराल. संख्यांची नावे काही बदलत नाहीत! नावे बदलत नाहीत, पण खालची जमीन बदलते. १ नोव्हेंबर २०२५पासून गूगलच्या प्ले स्टोअरवर अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या आवृत्तीसाठी दिल्या जाणाऱ्या अ‍ॅपांतल्या अशा लायब्ररी १६ किलोबाइटांच्या मेमरी-पानांवर (मेमरी ज्या तुकड्यांत वाटली जाते त्यांवर) चालायला हव्यात असा नियम आला. तक्त्यातला एक शब्दही न बदलता फाईल पुन्हा बांधावी लागली. आवृत्तीचेही तसेच. बोलावण्याची पद्धत बदलली तर लिनक्सवर फाईलच्या नावातला आकडा वाढवायचा असतो, म्हणजे जुने प्रोग्राम जुन्या फाईलवर चालू राहतात. विंडोजवर नव्वदच्या दशकात हे भान सुटले होते; एका प्रोग्रामच्या सीडीने दुसऱ्याची डीएलएल पुसून जुनी ठेवायची, आणि दुसराच प्रोग्राम बंद पडायचा. ज्यांनी तो काळ पाहिला ते आजही सामायिक लायब्ररीचे नाव काढले की कपाळाला आठ्या घालतात. त्यांची भीती खोटी नाही. म्हणूनच जबाबदार माणूस हवा असे म्हणते. माहिती तंत्रज्ञान खात्याला दोन माणसांचा पगार जड नाही, आणि एका नव्या पोर्टलच्या उद्घाटनाइतका खर्चही त्यात होणार नाही.

भाषेच्या वादात मला पडायचे नाही. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा वापरही सरकारी कामाला करता येतो, एवढे माझ्या कामाला पुरते. देवस्थानांच्या पावत्या बहुतेक मराठीत आहेत, पण आता काही समित्या कोकणीतही मागतात. लायब्ररीला त्याचे काही वाटत नाही. बोलावताना भाषेची खूण द्यायची, आत तक्ता वेगळा, बाकी सगळे तेच. मराठीचा तक्ता तयार आहे, लेखापरीक्षकाने लाल शाईने तपासलेला. कोकणीचा मी अर्धा भरला आहे आणि अडले आहे, कारण सत्तरच्या पुढे माझ्या घरात, शेजारी आणि बाजारात तीन तऱ्हेचे शब्द ऐकू येतात. आपल्या वाचकांत कोकणीचे शिक्षक असतील, त्यांनी शंभरपर्यंतचा तक्ता लिहून आपल्या कार्यालयात पाठवला तर मी तो आभार मानून घालीन. शब्द अंत्रुजी बोलीचे घ्यायचे, बारदेसी की सासष्टीचे, ते मात्र त्यांनी आपसात ठरवून पाठवावे. मला तिन्ही सिस्टीम सांभाळताना पुरेसे होते.

आपली,
एक वाचक
बांदोडे, फोंडा